समजावणी चोख, मोजमाप तोकडे : स्तनकर्करोगानंतरच्या एका वजन-मार्गदर्शन सेवेचे परीक्षण

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन आटोपल्यावर वजन आटोक्यात आणण्यासाठी मोबाइलवरून मार्गदर्शन करणाऱ्या सेवा गेल्या काही वर्षांत बऱ्याच निघाल्या आहेत. त्यांपैकी एका सेवेची मी सदस्य आहे आणि तिचे परीक्षण येथे मांडत आहे. सेवेचे नाव मुद्दाम दिलेले नाही. तिच्यात मला जे आवडले आणि जे खटकले, ते या प्रकारच्या इतर सेवांतही कमीअधिक प्रमाणात आढळते, त्यामुळे निवड करणाऱ्या व्यक्तीला नावापेक्षा काय तपासावे हे कळणे अधिक उपयोगाचे ठरेल.

माझी गाठ ईआर पॉझिटिव्ह होती, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर वाढणारी होती. निदान रजोनिवृत्तीनंतर झाले आणि त्या वेळी माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, तीसच्या पुढे, अर्थात लठ्ठपणात मोडणारा होता. ऑन्कॉलॉजिस्टनी पहिल्याच फॉलोअपला वजन उतरवण्यास सांगितले. मात्र अंगावरची चरबी आणि कॅन्सर शरीरात दुसरीकडे पसरणे यांचा नेमका संबंध काय, हे विचारण्याइतका वेळ त्या खोलीत कोणालाच नसतो. आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेले असल्याने ‘का’ हे कळल्याशिवाय ‘काय करा’ हे माझ्या गळी उतरत नाही. ही सेवा दोन्ही गोष्टींचे आश्वासन देते. लठ्ठपणाचा कर्करोगाच्या प्रसाराशी असलेला संबंध ती समजावून सांगते, आणि नंतर वजन कमी करण्यास हात देते. या दोन कामांचा दर्जा इतका वेगवेगळा आहे की दोन्हींना मिळून एकच गुण देणे अन्यायाचे होईल.

सेवेत चार भाग आहेत : लहान लहान चित्रफिती, घरी पाठवलेला शरीरघटक मोजणारा काटा, आहारतज्ज्ञाचा ठरावीक दिवशी येणारा फोन, आणि ॲपच्या पहिल्या पानावर झळकणारी एक रंगीत ‘धोका-पट्टी’. चित्रफितींपासून सुरुवात करते, कारण सेवेचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

पहिल्याच चित्रफितीत एक भेद स्पष्ट केला आहे, जो मी वाचलेल्या बहुतेक लेखांत नीट मांडलेला नव्हता. कर्करोग होण्याची शक्यता हा एक प्रश्न आहे आणि झालेला कर्करोग पसरण्याची शक्यता हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वयानुसार बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये अतिरिक्त चरबीशी संबंध असलेल्या १३ कर्करोगांची यादी दिली, तीत स्तनाचा कर्करोग आहे, पण रजोनिवृत्तीनंतरचा. पाळी सुरू असलेल्या वयात उलट जास्त वजनाच्या स्त्रियांत हा कर्करोग काहीसा कमी आढळतो. दुसऱ्या प्रश्नात मात्र ही सवलत उरत नाही. एकदा निदान झाले की दोन्ही वयोगटांत लठ्ठ स्त्रियांचे भवितव्य सरासरीने वाईट असते. २०१४ मध्ये ८२ अभ्यासांचे, म्हणजे दोन लाखांहून अधिक रुग्णांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात लठ्ठ स्त्रियांमध्ये एकूण मृत्यूचे प्रमाण सामान्य वजनाच्या स्त्रियांपेक्षा ४१ टक्क्यांनी अधिक आढळले.

प्रसाराबद्दल सेवा डेन्मार्कमधील रुग्णनोंदींचा आधार घेते, आणि तो योग्य आहे. १९७७ ते २००६ या काळात निदान झालेल्या आणि बीएमआयची नोंद असलेल्या जवळपास १९ हजार स्त्रियांचा तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. बीएमआय ३० किंवा त्याहून अधिक असणाऱ्यांमध्ये दहा वर्षांनंतर दूरच्या अवयवांत कर्करोग पसरण्याचा धोका ४६ टक्क्यांनी जास्त निघाला. दहा वर्षे ओलांडल्यावर केमोथेरपी आणि हार्मोनच्या औषधांचा परिणामही लठ्ठ स्त्रियांत कमी टिकतो, असेही त्यात दिसले. हे ४६ टक्के म्हणजे शंभरांतल्या ४६ जणींना कॅन्सर पसरतो असे नव्हे. मुळात जो धोका असतो, त्याच्या तुलनेत झालेली ती वाढ आहे. चित्रफितीतील निवेदक हे सांगतो, पण इतक्या घाईत सांगतो की बहुतेक जणींच्या मनात आकडा राहतो आणि खुलासा निसटतो. हा आकडा पाहून मी स्वतः ती फीत थांबवली होती आणि पुढचे वाक्य ऐकायचे राहिले होते.

प्रसार कसा होतो, हे दाखवणाऱ्या पुढच्या चित्रफिती माझ्या मते कोणत्याही शाळेत दाखवाव्यात इतक्या नेटक्या आहेत. पहिली इस्ट्रोजेनची आहे. रजोनिवृत्तीनंतर अंडाशयांचे काम थांबते, पण इस्ट्रोजेन संपत नाही. चरबीतील ॲरोमाटेज नावाचे विकर (एन्झाइम) पुरुषी संप्रेरकांचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करत राहते, आणि चरबी जितकी अधिक तितका हा कारखाना मोठा. यातली बारकी गोष्ट मला तिथे प्रथमच कळली. मेदपेशी फुगत फुगत जातात, तेव्हा त्यांच्यापर्यंत पुरेसा ऑक्सिजन पोहोचत नाही आणि काही पेशी मरतात. मेलेल्या पेशीभोवती मॅक्रोफेज ही साफसफाई करणारी पेशी गोळा होऊन कडे करते. सूक्ष्मदर्शकाखाली हे कडे मुकुटासारखे दिसते. त्या जागी दाह सुरू होतो, आणि दाहातून निघणारी रसायने शेजारच्या पेशींतील ॲरोमाटेज आणखी वाढवतात. म्हणजे अधिक चरबीचा प्रश्न फक्त साठ्याचा नाही. आजारी पडलेली चरबी अधिक घातक ठरते. फितीतील चित्र इतके स्वच्छ आहे की मध्यभागी मेलेल्या पेशीचा तेलाचा थेंब आणि भोवती दाटीने बसलेल्या काळपट पेशी अजूनही माझ्या डोळ्यांसमोर येतात.

दुसरी फीत गाठीच्या कडेची आहे. स्तन हा मुळात चरबीने भरलेला अवयव आहे, त्यामुळे गाठ वाढू लागली की तिला सर्वांत आधी मेदपेशीच भेटतात. गाठीच्या सीमेवरच्या मेदपेशी आपले तेल सोडून देऊ लागतात, बारीक होतात आणि तंतुमय पेशींसारख्या लांबट दिसू लागतात. सोडलेली मेदाम्ले कर्करोगाच्या पेशी उचलतात आणि इंधन म्हणून वापरतात. याच मेदपेशी दाह वाढवणारी इंटरल्यूकिन-६ सारखी द्रव्ये, तसेच ऊतीचे जाळे कापणारी विकरे स्रवतात. ही विकरे म्हणजे बाहेर पडण्याची वाट मोकळी करून देण्याची सोयच. लठ्ठपणात स्तनातील मेदऊती तंतुमय आणि कडक होते, आणि कडक पृष्ठभागावर कर्करोगाच्या पेशी अधिक आक्रमक वागतात, असे २०१५ मधील प्रयोगांनी दाखवले. हा मुद्दा फितीत दोन वाक्यांत उरकला आहे. मला तो अधिक हवा होता, कारण ऊतीचा कडकपणा हा वजन उतरल्यावर लगेच जाणारा दोष नाही, आणि सेवेच्या पुढील आश्वासनांवर याचा थेट परिणाम होतो.

तिसरी फीत सर्वांत चांगली आहे आणि ती फुप्फुसांबद्दल आहे. प्रसार म्हणजे केवळ गाठ सोडून निघणे नव्हे. पेशीला रक्तवाहिनीत शिरावे लागते, प्रवाहात टिकावे लागते, परक्या अवयवात वाहिनीची भिंत ओलांडून बाहेर यावे लागते आणि तिथे बस्तान बसवावे लागते. निघालेल्या पेशींपैकी बहुसंख्य वाटेतच मरतात. २०१७ मध्ये ‘नेचर सेल बायॉलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनात लठ्ठ उंदरांच्या फुप्फुसांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी आढळली आणि स्तनाचा कर्करोग तिथे अधिक सहज पसरला. उंदरांचे वजन उतरवल्यावर हा परिणाम मागे फिरला. त्याच विषयावरील २०२१ च्या संशोधनात पुढचा दुवा दिसला. लठ्ठपणात न्यूट्रोफिल अशी ऑक्सिडीकारक द्रव्ये सोडतात, की त्यामुळे फुप्फुसातील रक्तवाहिन्यांच्या भिंतींचे सांधे सैल होतात आणि कर्करोगाच्या पेशींना भिंत ओलांडणे सोपे जाते. थोडक्यात, शरीर पेशी निघण्यापूर्वीच तिच्या मुक्कामाची जागा तयार करून ठेवते. ही माहिती उंदरांवरील प्रयोगांची आहे, आणि निवेदकाने तसे स्पष्ट बजावले आहे. या प्रामाणिकपणाबद्दल मी सेवेला पूर्ण गुण देते.

इन्सुलिनची फीत मात्र निराश करते. लठ्ठपणात इन्सुलिनची पातळी चढलेली राहते आणि इन्सुलिन हे कर्करोगाच्या पेशींना वाढीचा संदेश देणारे द्रव्य आहे, एवढे सांगून ती साखरेवर प्रवचन सुरू करते. वास्तविक सांगण्यासारखे बरेच होते. कॅनडातील ५१२ स्त्रियांच्या अभ्यासात, ज्यांना मधुमेह नव्हता, उपाशीपोटी इन्सुलिन सर्वाधिक असलेल्या एकचतुर्थांश जणींत दूरवर प्रसार होण्याचा धोका सर्वांत कमी इन्सुलिन असलेल्या एकचतुर्थांश जणींच्या दुप्पट आणि मृत्यूचा धोका तिप्पट होता. हा निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून इन्सुलिन उतरवणारे मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दिले तर कर्करोग उलटणे टळेल अशी आशा निर्माण झाली आणि मधुमेह नसलेल्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांवर मोठी चाचणी घेण्यात आली. २०२२ मध्ये निकाल आला, आणि मेटफॉर्मिनने फायदा झाला नाही. चाचणीचा हा शेवट फितीत नाही. एखादी यंत्रणा पटण्याजोगी असली, तरी तिच्यावर उपाय केल्याने रोग अडतोच असे नाही, हे शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. ते का वगळले, याचा अंदाज धोका-पट्टी पाहिल्यावर येतो.

पट्टीकडे वळण्यापूर्वी काट्याविषयी सांगणे भाग आहे. काच बसवलेला, दिसायला देखणा असा हा काटा आहे. अनवाणी उभे राहिले की तो शरीरातून अतिशय सौम्य वीजप्रवाह सोडतो आणि प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्यावरून चरबी, स्नायू आणि पाणी यांचे अंदाज बांधतो. पेसमेकर असलेल्यांनी तो वापरू नये, ही सूचना खोक्यावर ठळक आहे. अंदाज हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. सकाळी उठल्यावर आणि त्याच सकाळी भरपूर पाणी पिऊन घेतलेल्या नोंदींत चरबीचे प्रमाण वेगवेगळे येते, आणि दोन्ही नोंदी ॲप तितक्याच आत्मविश्वासाने दशांशासह दाखवते. ज्यांच्या काखेतील लसिकाग्रंथी काढल्या आहेत आणि हाताला सूज येते, त्यांच्या बाबतीत ही पाण्याची गफलत आणखी वाढते. माझा हात ज्या आठवड्यात सुजला होता, त्या आठवड्यात काट्याने वजन वाढल्याचे दाखवले आणि ॲपने मला ‘शिस्त’ शब्द असलेला संदेश पाठवला. सुजलेल्या हाताबद्दल विचारणारा एकही रकाना त्यात नव्हता.

यापेक्षा गंभीर आक्षेप असा की काटा स्नायू मोजतो, पण ॲप त्याचा काहीच उपयोग करत नाही. पट्टी, पदके, आठवड्याचा अहवाल, सगळे किलोंवर आणि बीएमआयवर चालते. २०१८ मध्ये ‘जामा ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातील ३,२४१ रुग्णांच्या सीटी स्कॅनवर आधारित अभ्यास आला. साधारण एकतृतीयांश जणींचे स्नायू निदानाच्या वेळीच घटलेले होते. अशा स्त्रियांत मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी अधिक होता, चरबी सर्वाधिक असलेल्यांत ३५ टक्क्यांनी, आणि स्नायू कमी व चरबी जास्त अशी जोडी असलेल्यांत ८९ टक्क्यांनी. त्याच रुग्णांत निव्वळ बीएमआयवरून मात्र आयुर्मानाचा ठळक अंदाज बांधता आला नाही. उपाशी राहून उतरवलेल्या वजनात स्नायूही जातात. तेव्हा केवळ किलो कमी झाले म्हणून सुवर्णपदक देणारे ॲप एखादीला नेमक्या चुकीच्या दिशेने ढकलू शकते.

बीएमआयचा दुसरा अपुरेपणा सडपातळ स्त्रियांना जाणवावा असा आहे. २०१९ मध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकेतील मोठ्या संशोधन-प्रकल्पामधील सुमारे साडेतीन हजार रजोनिवृत्त स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांचा बीएमआय सामान्य होता, पण शरीरातील चरबी सर्वाधिक असलेल्या गटात ईआर पॉझिटिव्ह कर्करोगाचा धोका सर्वांत कमी चरबी असलेल्यांच्या सुमारे दुप्पट होता. मेदपेशीभोवतीची ती मुकुटासारखी कडीही सामान्य वजनाच्या काही स्त्रियांत सापडतात. शिवाय आशियाई वंशाच्या लोकांत कमी बीएमआयवरही पोटाभोवती चरबी साठते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्येच २३ आणि २७.५ हे अधिकचे सूचक आकडे सुचवले आहेत. ॲप मात्र सर्वांना २५ आणि ३० याच पट्ट्यांत बसवते. कमरेचा घेर विचारण्याची तसदी ते घेत नाही. मोजपट्टीला वीज लागत नाही आणि ती पाण्याने फसत नाही, म्हणून असावे बहुधा.

आता धोका-पट्टी. ॲप उघडताच लाल ते हिरव्या रंगाची पट्टी दिसते आणि तिच्यावर ‘तुमचा पुनरागमनाचा धोका’ असे लिहिलेले असते. वजन उतरले की पट्टीवरची खूण हिरव्याकडे सरकते, चढले की लालकडे. गाठीचा आकार, काखेतील किती ग्रंथींत रोग होता, गाठीची श्रेणी (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते), घेतलेले उपचार, यांपैकी काहीही न विचारता ही पट्टी धोका सांगते. ईआर पॉझिटिव्ह कर्करोग पाच वर्षांच्या हार्मोनच्या औषधांनंतरही उलटू शकतो. २०१७ मध्ये ६२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या विश्लेषणात पाचव्या ते विसाव्या वर्षादरम्यान दूरवर प्रसार होण्याचा धोका १० पासून ४१ टक्क्यांपर्यंत आढळला, आणि ही तफावत गाठीच्या आकारावर, काखेतील ग्रंथींवर आणि गाठीच्या श्रेणीवर अवलंबून होती. इतकी मोठी तफावत जिच्यावर ठरते ती माहितीच न घेणारी पट्टी रुग्णाला दाखवणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. पोट बिघडून दोन दिवस अंगातले पाणी गेले तेव्हा माझी पट्टी सर्वांत हिरवी होती.

यामागचा प्रश्न एका ॲपपुरता नाही. लठ्ठ स्त्रियांत प्रसार अधिक होतो, हे भरपूर पुराव्याने दिसते. निदानानंतर वजन उतरवल्याने तो प्रसार थांबतो का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर चाचण्यांतूनच यावे लागते. हाती असलेले निकाल एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. २००६ मधील एका चाचणीत २,४३७ स्त्रियांपैकी काहींना कमी स्निग्धांशाचा आहार दिला. त्यांचे वजन सरासरी दोन-अडीच किलो उतरले आणि कर्करोग उलटण्याचे प्रमाण जवळपास चतुर्थांशाने घटले. २००७ मधील दुसऱ्या चाचणीत तीन हजारांहून अधिक स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या जणींना भाज्या-फळांनी समृद्ध आहार दिला, वजन उतरले नाही आणि फरकही पडला नाही. दोन निकाल शेजारी ठेवले की वजनाचाच परिणाम असावा असे वाटते, पण तो तर्क आहे. जर्मनीतील एका चाचणीत एका गटाला वजन उतरवण्यासाठी फोनवरून मार्गदर्शन दिले गेले. सर्व सहभागी धरले तर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. कार्यक्रम शेवटपर्यंत पूर्ण करणाऱ्या स्त्रियांचे निकाल मात्र चांगले होते. सेवेच्या जाहिरातीत नेमकी ‘पूर्ण करणाऱ्यां’ची गोष्ट येते. परंतु जी बाई शेवटपर्यंत टिकते ती मुळातच प्रकृतीने बरी असू शकते, आणि जिला आजार पुन्हा गाठतो ती अर्ध्यावर सोडते, त्यामुळे ही तुलना समान पातळीवरची राहत नाही.

याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिका आणि कॅनडात बीएमआय २७ किंवा अधिक असलेल्या तीन हजारांहून अधिक स्त्रियांची चाचणी २०१६ पासून सुरू झाली. तिच्यातही दोन वर्षांचे मार्गदर्शन फोनवरूनच दिले गेले. एका वर्षाअखेर मार्गदर्शन मिळालेल्या गटाचे वजन सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास उतरले, तर दुसऱ्या गटाचे किंचित वाढले. म्हणजे फोनवरून वजन उतरवता येते, हे पक्के. पाच टक्के म्हणजे ऐंशी किलोच्या बाईचे चार किलो, हेही ध्यानात ठेवलेले बरे. सेवेच्या माहितीपत्रकातील ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या छायाचित्रांतील फरक याच्या कितीतरी पट आहे.

आहारतज्ज्ञाच्या फोनबद्दल मात्र माझी काहीच तक्रार नाही. उलट, सेवेत टिकून राहण्याचे कारण तोच आहे. बोलणाऱ्या ताई वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, पण मला कधी उपदेश केल्यासारखे वाटले नाही. एकदा मी पट्टी लाल झाल्याचे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मॅडम, पट्टीचं सोडा. खुर्चीतून हाताचा आधार न घेता किती वेळा उठता येतं, ते मला सांगा.” त्या दिवसापासून आमचे बोलणे किलोंवरून ताकदीवर आले. प्रथिनांचे प्रमाण, आठवड्यातून ठरावीक दिवशी वजन उचलण्याचे व्यायाम, सुजणाऱ्या हाताने किती भार घ्यावा, हार्मोनच्या गोळ्यांनी सांधे दुखतात तेव्हा चालणे कसे जमवावे, हे सगळे त्यांनी माझ्या परिस्थितीला धरून सांगितले. हाताच्या सुजेसाठी फिजिओथेरपिस्टला आधी दाखवा, असेही त्यांनीच सुचवले. ॲपने जी माणुसकी दाखवायला हवी होती ती फोनने दाखवली.

एक महत्त्वाचा विषय सेवेत कुठेच नाही, ना फितींत, ना फोनवर. तो म्हणजे लठ्ठ रुग्णाला मिळणाऱ्या उपचारांचा. केमोथेरपीची मात्रा शरीराच्या आकारमानावरून ठरते आणि जास्त वजनाच्या स्त्रियांना पूर्ण मात्रा देण्याची डॉक्टरांना पूर्वी धास्ती वाटे, म्हणून ती कमी केली जाई. प्रत्यक्ष वजनावर आधारित पूर्ण मात्रा द्यावी, अशी मार्गदर्शक सूचना अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये काढली आणि २०२१ मध्ये पुन्हा नवी केली. ॲरोमाटेज रोखणाऱ्या गोळ्याही बीएमआय जास्त असलेल्यांत इस्ट्रोजेन तितके खाली आणत नाहीत, असे मोजमापांत दिसले आहे. म्हणजे लठ्ठ स्त्रियांमधील वाईट निकालांचा काही भाग चरबीच्या जीवशास्त्रातून येतो आणि काही भाग औषध पुरेसे न पोहोचण्यातून. हा दुसरा भाग रुग्णाच्या ताटात काय आहे यावर अवलंबून नाही. ज्या सेवेचा पाया ‘तुमचा धोका तुमच्या हातात’ या वाक्यावर आहे, तिला ही माहिती गैरसोयीची वाटत असावी. केमो सुरू होण्यापूर्वीच हे कळले असते, तर मी मात्रेबद्दल डॉक्टरांना विचारले असते.

त्या वाक्याचा आणखी एक त्रास आहे. ॲपमधील गटसंभाषणात एका सदस्येचा कर्करोग हाडांत पसरल्याचे कळले, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो आपले वजन पुन्हा वाढले म्हणून असे झाले का, हा. तिला सेवेकडून आलेले उत्तर सहानुभूतीचे होते, पण ‘नाही’ असे स्पष्ट कोणी लिहिले नाही. एका स्त्रीच्या बाबतीत प्रसार कशाने झाला हे कोणालाही सांगता येत नाही, आणि सडपातळ, नियमित व्यायाम करणाऱ्या स्त्रियांनाही तो होतो. समूहातील प्रमाणे व्यक्तीच्या अंगाला चिकटवली की त्यांचा आरोप होतो. पुरावा हाताळणाऱ्या सेवेला हे कळत नसेल असे मी मानत नाही.

सेवा घ्यावी की नाही, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर असे : उपचार चालू असताना घेऊ नये, कारण त्या काळात भूक, पाणी आणि स्नायू यांचे गणित वेगळे असते आणि ते रुग्णालयातील आहारतज्ज्ञाकडेच राहावे. मुख्य उपचार संपल्यावर, ऑन्कॉलॉजिस्टना सांगून घ्यावी. नाव नोंदवण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : फोनवर प्रत्येक वेळी तीच व्यक्ती असेल का, ताकदीच्या व्यायामाचे मार्गदर्शन मिळेल का, आणि हाताच्या सुजेची माहिती नोंदवता येते का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे या सेवेत होकारार्थी आहेत. रक्तदाब, मधुमेह, सांधे आणि हृदय यांना वजन उतरवण्याचा होणारा फायदा पुरेसा सिद्ध झालेला आहे, आणि स्तनाच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या अनेक स्त्रियांचा मृत्यू पुढे हृदयविकाराने होतो. तेवढे कारणही मला पुरेसे आहे. त्यासाठी पट्टीची भीती घालण्याची गरज नव्हती.

धोका-पट्टीबद्दल मी सेवेला सविस्तर लिहिले. उत्तर दोन दिवसांत आले. पट्टी ‘प्रोत्साहनासाठी’ आहे, वैद्यकीय सल्ला म्हणून नाही, असे त्यात म्हटले होते, आणि ती लपवण्याची सोय सेटिंगमध्ये असल्याचेही कळवले होते. सोय आहे, पण ‘दर्शनी पान’ या विभागात सर्वांत खाली, ‘इतर’ या शीर्षकाखाली. मी ती पट्टी बंद केली आहे, काट्यावर महिन्यातून एकदाच उभी राहते, कमरेचा घेर वहीत लिहिते आणि फोनसाठी पुढील मुदतीचे नूतनीकरण केले आहे.